टेकडी की खड्डा

मंगळावर उद्या कोणी प्लॉट पाडून विकायला काढले, तर आधी आमच्या थोरल्या साडूंना विचारावं लागेल. तिथला बांध न् बांध त्यांना ठाऊक आहे. स्वतः नाशिक जिल्ह्याबाहेर ते फारसे गेलेले नाहीत, पण यानांनी पाठवलेले फोटो कोणालाही फुकट बघता येतात हे मुलीने सांगून टॅबलेट हातात दिला, तेव्हापासून त्यांचं मन पृथ्वीवर लागत नाही. दुपारचं जेवण झालं की सिडकोतल्या घरात झोपाळ्यावर बसून ते ग्रह बघतात. आपल्याला जिथे वाळलेला चिखल दिसतो, तिथे त्यांना आटलेली नदी दिसते. "गाळ कसा पंख्यासारखा पसरलाय बघा. इथे पाणी येऊन थांबलेलं आहे." थराथरांचा कडा दिसला की म्हणणार, "हा आपला चांदवडचा डोंगर. लाव्हा तसाच, थर तसेच, फक्त देवीचं देऊळ नाही."

ज्या जमिनीवर खड्डे जास्त ती जमीन जुनी, हा ग्रहांचा नियम त्यांनी महापालिकेच्या रस्त्यांनाही लावला. एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. भर चौकात त्यांनी गाडी थांबवली आणि बोटाने दाखवलं, "हा लहान खड्डा मोठ्याच्या काठावर पडलाय, म्हणजे मोठा आधीचा." मागचा रिक्षावाला म्हणाला, "काका, खड्ड्याचा वाढदिवस नंतर करा, गाडी साइडला घ्या ना." साडूंनी गाडी घेतली बाजूला, पण तपासणी पुरी करूनच. घरीही तेच. थालीपिठाला पाडलेल्या भोकांतलं कुठलं आधीचं, असं त्यांनी विचारलं, की ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, म्हणते, "गरम आहे तोवर खा मुकाट्याने."

हा नाद नोकरीतून आला. पाण्याचं काम बघणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते ट्रेसर होते. विमानातून काढलेल्या फोटोंवर पारदर्शक कागद ठेवायचा, डोंगर आणि ओहोळ शाईने उतरवायचे, मग साहेब त्यावर विहिरीची खूण करणार. पस्तीस वर्षं त्यांनी अख्खा जिल्हा असा खुर्चीत बसून पालथा घातला. पहिला स्वतंत्र नकाशा पेठ तालुक्यातल्या एका पाड्याचा. त्याची प्रत फ्रेम करून बैठकीत लावलेली, आणि लग्नाचा फोटो कपाटात. त्या पाड्यावरची विहीर कोरडी गेली होती. "खडक फसवा निघाला," असं तेव्हा सगळी कचेरी म्हणाली, आणि साडूही तेच सांगत आले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. साडू चंद्राचा एक फोटो मला दाखवत होते. "ही टेकडी बघा, काय गोल आहे." समोर बसून माझी बायको मटार सोलत होती. तिला तो फोटो उलटा दिसत होता. ती म्हणाली, "दाजी, टेकडी कुठली? खड्डा आहे तो." साडू हसले. मग त्यांनी टॅबलेट फिरवला. खड्डा. पुन्हा फिरवला. टेकडी. मीही पाहिलं, खरंच तसंच होत होतं. "उजेड खालच्या बाजूने आला की डोळा फसतो," ते हळूच म्हणाले, आणि उठून भिंतीवरची फ्रेम काढून आणली. मग टॅबलेटवर त्यांनी तोच पाडा शोधला, उपग्रहाने टिपलेला. एकदा सरळ धरला, एकदा उलटा. ओहोळ म्हणून त्यांनी शाईने जी रेघ ओढली होती, ती टेकडीची सगळ्यात उंच धार होती. विहिरीची खूण त्याच धारेवर पडली होती.

त्यानंतर दोन-तीन महिने साडूंनी आम्हाला वात आणला. कुठलाही फोटो हातात आला की तो उलटा धरून विचारायचे, "उजेड कुठून आहे?" भाच्यासाठी सांगून आलेल्या मुलीचा फोटोही त्यांनी तसाच बघितला. आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. एके सकाळी त्यांनी मला फोन केला, "पेठला जायचंय. एकट्याने जायची हिंमत नाही."

वाटेत त्यांनी माफीचं भाषण तीनदा म्हणून दाखवलं. पाड्यावर पोचलो तर विहीर होती, माळाच्या अगदी माथ्यावर, आत सुकलेला पाला. ती खणायला असलेला एक म्हातारा भेटला. साडू भाषण विसरले. एवढंच म्हणाले, "बाबा, नकाशा मी काढला होता. चुकला तो."

"आमाला तवाच ठावं व्हतं," म्हातारा म्हणाला. "पानी खाली वहाळात हाय. वर कुटून लागंल?"

"मग खणलीत कशाला?"

"कागदावर खून व्हती ना. सायबाचा कागद."

"पण सांगायचं तरी."

"इचारलं कोनी?"

आता नळ आलाय, पण उन्हाळ्यात बायका अजूनही खालीच जातात, हेही त्याने सांगितलं, तक्रार न करता. साडूंनी वाट विचारली आणि ते उतरायला लागले. बहात्तरीतला माणूस, गुडघे दुखरे. मी नको म्हणालो, ते ऐकेनात. वहाळात त्यांनी हात बुडवला. वर चढताना दर वीस पावलांवर थांबत होते. रिकाम्या हातांनी त्यांना अर्धा तास लागला. त्यांना तसं चढताना बघून मला फार वाईट वाटलं.

परतीच्या वाटेवर ते गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "मंगळाचं बरं आहे हो. तिथे मी काहीही चुकलो तरी कोणाच्या डोक्यावर हंडा येत नाही."

मी गाडीची काच खाली केली आणि मागे राहिलेला तो माथा दिसतो का ते बघितलं.