टाइलवरचा पारा

जपानमधल्या सेंदाईच्या लॅबमध्ये माझं काम म्हणजे जुन्या पोर्तुगीज टाइल्सवर क्ष-किरण सोडायचे आणि त्यांच्या झिलईत काय काय आहे ते पाहायचं. शिसं असतं, पांढरेपणासाठी कथील, निळ्यासाठी कोबाल्ट. तिकडच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या यात फारसा बदल केला नाही, त्यामुळे मलाही नवीन काही सापडत नव्हतं. करार मार्चमध्ये संपत होता, आणि ज्याला काही सापडत नाही त्याचा करार वाढवायला कोणी उत्सुक नसतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पुण्याहून आईचा फोन आला.

"उद्या मशीनची पूजा करशील ना गं?"

"आई, ते एक्स-रेचं मशीन आहे. विळी-कोयता नाही."

"पोट त्याच्यावरच चालतं ना तुझं?"

सकाळी लॅबमध्ये कोणी यायच्या आत मी मशीनच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, स्टेशनजवळच्या दुकानातलं एक पिवळं फूल वाहिलं आणि नमस्कार केला. कुंकू आईनेच दिलेलं, तिच्या गल्लीतल्या दुकानातलं. मग नियमाप्रमाणे नवे हातमोजे चढवले, झाकण उघडलं आणि एका संग्रहालयाने तपासायला दिलेली टाइल आत ठेवली.

आलेखात शिशाच्या शेजारी एक लहानसं टोक वर आलं. पारा. भट्टीत पारा टिकत नाही, उडून जातो. म्हणजे टाइल भाजून झाल्यावर कोणीतरी तिच्या फुलावर लाल रंग लावला होता. आमचे प्रोफेसर, ज्यांना सगळे सेन्सेई म्हणतात, आलेखाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हिंगूळ, पाऱ्याचा लाल रंग," ते म्हणाले. "जुनी डागडुजी असणार. शुक्रवारी संग्रहालयाला कळवू या."

चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते हसले नाहीत, पण चहा त्यांनी स्वतः केला.

मी दोन दिवस मिरवून घेतलं. गुरुवारी झाकणाची कड पुसताना कापूस लाल झाला. डबीतलं चिमूटभर कुंकू मशीनमध्ये ठेवून पाहिलं. पारा होता, भरपूर होता. हातमोजे स्वच्छ होते, पण त्याच हातमोज्यांनी मी झाकण उघडलं होतं आणि त्यांनीच टाइल उचलली होती.

गप्प बसता आलं असतं. खरं सांगायचं तर दुपारभर मी गप्प बसूनही पाहिलं. पण ती डागडुजी संग्रहालयाच्या दप्तरात कायमची गेली असती, आणि ती माझ्या आईच्या कुंकवाने केलेली होती. संध्याकाळी मी शिमात्सुशो लिहायला घेतला. इथे कामात चूक झाली की तो लिहून द्यावा लागतो: काय चुकलं, का चुकलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. 'का'च्या खाली मी लिहिलं, आमच्याकडे ज्या हत्यारावर पोट चालतं त्याची वर्षातून एकदा पूजा करतात. तिसऱ्याच्या खाली लिहिलं, यापुढे पूजा करणार नाही. ते लिहिताना वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी सेन्सेईंनी कागद दोनदा वाचला आणि संग्रहालयासाठी लिहून ठेवलेली मेल माझ्यासमोर डिलीट केली. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं. मग त्यांनी पेन काढलं, माझ्या शेवटच्या वाक्यावर रेघ मारली आणि त्याखाली लिहिलं: पूजेआधी सर्व नमुने कपाटात ठेवावेत. कुंकू फक्त मशीनच्या मागच्या बाजूला लावावं. पूजेनंतर झाकण अल्कोहोलने पुसून नमुना न ठेवता एक रिकामं मोजमाप घ्यावं. खाली शिक्का मारला.

"मशीनचा पंखा इतके दिवस आवाज करत होता," ते म्हणाले. "या आठवड्यात केला नाही."

त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक काढून टेबलावर पसरलं.

"पुढच्या वर्षी कोणती तारीख? त्या दिवशी मशीन तुमच्या नावावर लिहून ठेवतो."

माझा करार मार्चपर्यंतच होता, आणि पुढचा दसरा त्यानंतर येत होता. मी फोनवर पंचांग उघडलं, पण डोळे भरून आले होते, त्यामुळे तारीख सांगायला जरा वेळ लागला.