गाळातलं ग्राउंड

आमच्या टीमचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दरवर्षी नदीचं पाणी चढतं, ग्राउंडवर गाळाचा नवा थर टाकून उतरतं आणि आम्ही क्रिकेट खेळायला गेलो की किस्सा झालाच म्हणून समजा! मी मूळचा लातूरचा, नोकरी आयटीत, खोली जवळच्या भरे गावात. रविवार मात्र कोळवणला, नदीकाठच्या तात्यांच्या पडीक शेतात.

एका वर्षी कॅप्टन नामदेवने हौसेने सिमेंटचं पिच केलं. पावसाळ्यानंतर गेलो तर पिच गायब! नामदेव पहार टोचत फिरला. ठण्! "घावलं!" सगळ्यांनी मिळून उकरलं. तेवढ्यात तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, धावत आल्या. "अगं बया, माजा धुण्याचा दगड!"

तो आम्हीच उचलून त्यांच्या दारात नेऊन ठेवला. पिच अजून खालीच आहे.

पुराचं पाणी काठ ओलांडून पसरलं की मंदावतं. जाड रेती काठालाच टाकतं, बारीक गाळ पुढे नेतं. त्यामुळे आमची नदीकडची बाउंडरी खरखरीत आणि बांधाकडची लोण्यासारखी. संतोष नदीकडे डाइव्ह मारतो तेव्हा कोपर सोलून घेतो. बांधाकडे मारली की त्याचे नुसते डोळे दिसतात!

याच संतोषने एकदा बांधाजवळ रुतलेला बॉल चाचपून काढला आणि थेट स्टंपवर फेकला. रनआउट! आम्ही नाचतोय, तर बॅट्समन ओरडला, "ह्यो हिरवा हाय! आपण लाल बॉलनं खेळतुया!"

संतोष शांतपणे म्हणाला, "गेल्या सालचा असंल. पर आउट हाय ना?"

यंदा मात्र जिवाला घोर लागला. गाळ चांगला वीतभर आला. तात्यांनी मूठभर उचलून चोळला आणि जाहीर केलं, "लई झ्याक माती! औंदा हितं हरभरा!"

आमचे चेहरे पडले. आजूबाजूला सगळं प्लॉटिंग झालेलं, दुसरं ग्राउंड आणायचं कुठून? नामदेवने फार गयावया केली तेव्हा तात्या म्हणाले, "एका ओव्हरमदी मला आउट करा. न्हाई तर पेरतो."

अंपायर कोण? काकी! आम्ही तिथेच आशा सोडली.

तात्यांनी बॉलमागून बॉल ठोकले. शेवटचा मऊ गाळात पडला आणि तिथेच रुतून बसला. तो मारायला तात्या बॅट उगारून पुढे निघाले आणि घोट्यापर्यंत आत गेले. ना पुढे, ना मागे! स्टंप जागच्या जागी, आमचं अपील नाही, काही नाही, आणि काकींचं बोट वर!

"अगं, आउट कसा?" तात्या गाळातूनच ओरडले.

"हरभरा उपटताना कंबर कुणाची मोडती? आउट म्हंजी आउट!"