पहिल्या पानाचा मान

"पैलं कोन आलं?"

निवडणुकीचा विषय निघाला की तात अडकित्त्यात सुपारी धरून थांबायचे आणि एवढंच विचारायचे. उमेदवार शहाणा आहे की चोर, याची चौकशी नाही. जो उंबरठ्यावर सर्वांआधी आला आणि ज्यानं त्यांच्या हातचं पान खाल्लं, त्याला शब्द दिला. मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. तेलुगूत आजोबांना तात म्हणतात. सोलापुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत ते सगळ्यांचेच तात होते. तात म्हणतील तिकडे गल्लीची मतं जायची, आणि हेच माझं दुखणं होतं.

मी तेव्हा एका खाजगी शाळेत मास्तर होतो. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत आमच्या वकीलसाहेबांसाठी घरोघर हिंडायचो. अंगावर खादी, डोक्यात देश. घरपट्टी भरणाऱ्यालाच मत असल्यामुळे गल्लीत मतं थोडी आणि म्हणून फार मोलाची. त्यांच्या विरोधात उभा होता गेल्या खेपेला निवडून गेलेला कंत्राटदार. वकीलसाहेबांनी गल्लीला नळ द्यायचं कबूल केलं होतं. त्या नळाची गरज तातांच्या घराइतकी कुणालाच नव्हती. मुलगा इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेला. मागावर तात बसायचे, सून सुताच्या कांड्या भरायची आणि लांबच्या विहिरीवरून घागरी वाहायची. उन्हाळ्यात त्या विहिरीत पाण्यापेक्षा बायकांची भांडणंच जास्त असायची.

"तात, तो कंत्राटदार निवडून गेल्यावर कधी इकडं फिरकला का?" मी विचारलं.

"न्हाय की."

"नळ देईल तो?"

"त्यो कुटला देतोय!" तात मनापासून हसले.

"मग मत कुणाला?"

"त्यालाच. दिवाळीलाच पान खाऊन गेलाय. तुमी आलात संक्रांतीला. शब्द गेला की, मास्तर."

आता अशा माणसापुढं कपाळ बडवून घेण्यापलीकडं काय करणार? तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही. कंत्राटदार निवडून आला आणि नळ आला नाही.

पुढच्या खेपेला मी शहाणा झालो. निवडणुकीची नुसती कुणकुण लागली तेव्हाच वकीलसाहेबांना ओढत तातांच्या दारी नेलं. तातांनी मागावरून उठून हात धुतले, सुपारी कातरली, चुना सढळ हातानं लावला. वकीलसाहेबांची जीभ भाजली, पण पान त्यांनी गिळलं. निघताना सुनेनं दारामागून विचारलं, "मास्तर, या खेपेला तरी?"

"या खेपेला नक्की," मी म्हणालो.

आणि मतदान तोंडावर आलं असताना वकीलसाहेब बसले! अर्ज मागं घ्यायची मुदत उलटून गेली होती, म्हणून नाव कागदावर तसंच राहिलं. पण हे कंत्राटदाराच्या मांडीला मांडी लावून सभेत हजर. कुठल्याशा कमिटीवर सोय लागली म्हणे. मी संतापानं दोन घासही जेवलो नाही. तसाच तातांकडं गेलो.

"तात, शब्द मोकळा झाला. आता कंत्राटदारालाच द्या. निदान नळ मागायला तोंड राहील."

तातांच्या मागावरचा धावता धोटा थांबला. "शब्द वकिलानं घेतला. त्यानं येऊन परत मागू दे की. आपन लगेच देऊ."

मी वकीलसाहेबांना निरोप धाडला. एकदा नाही, दोनदा. ते आले नाहीत.

लिहिता न येणाऱ्यानं मतदानाच्या जागी कारकुनाला हळूच नाव सांगायचं, असा रिवाज होता. तातांनी नेहमीसारखं खणखणीत आवाजात सांगितलं. दिलेला शब्द चारचौघांत पुरा झाला पाहिजे ना! कारकून म्हणाला, "अहो, ते बसलेत."

"आमी न्हाय बसलो," तात म्हणाले.

मागोमाग गल्लीनं तेच नाव सांगितलं. कंत्राटदार निवडून आला, आणि नळ गेला शेजारच्या गल्लीत. त्या गल्लीतल्या बायका आमच्या बायकांना तिथं भांडं लावू देईनात.

एका दुपारी मला राहवलं नाही. "तात, तुमचा शब्द राहिला, पण सुनेची मान मोडली," मी तोंडावर सांगितलं. दुसऱ्या सकाळी पाहतो तर म्हातारा खांद्यावर घागर घेऊन विहिरीकडं निघालेला. गल्लीतली पोरं हसली. मला हसू आलं नाही. पुढं अंथरूण धरीपर्यंत त्यांनी पाणी वाहिलं, आणि त्याच साली ते गेले.

नंतरच्या निवडणुकीत घर सुनेच्या नावावर होतं, म्हणून मतही तिचंच. मी नव्या उमेदवाराला घेऊन सगळ्यांच्या आधी पोचलो. तिनं तोच पानाचा डबा पुढं ठेवला.

"पान घ्या, मास्तर. मामांची रीत हाय, ती मोडायची न्हाय."

"आणि शब्द?"

"शब्द न्हाय." तिनं कोपऱ्यातली घागर उचलून कमरेवर घेतली. "नळाला पानी आलं की या. मग बोलू."

इतकी वर्षं मी गल्लीला हेच तर सांगत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. ती पाण्याला गेली. मागापाशी कुणी नव्हतं. मी डब्यातला अडकित्ता घेतला, पण सुपारी काही मला कातरता येईना.