साठेकाकांची तीन कवट्यांवरची प्रजाती

साठेकाका नव्या माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, दातांत बघत. अमेरिकेतल्या बॉथेल गावी मराठी मंडळींच्या एका पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या पंगतीला, मी जेवणाआधी जांभई दिली, तर शेजारून आवाज आला, "अक्कलदाढा काढल्यायस वाटतं. जपून राहा, एवढ्यावरून माणसाची वेगळी प्रजाती काढतात." ही आमची ओळख.

काकांनी हयात एका म्युझियममध्ये घालवली. काम काय, तर अमेरिका खंडांच्या उष्ण प्रदेशातल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांची वर्गवारी. आमच्या गुणग्राहक मंडळींना याचं केवढं कौतुक! क्लाउड कम्प्युटिंगमध्ये काम करणाऱ्या एकाने विचारलं, "काका, पण याचा यूज काय?" काका म्हणाले, "तुमचा क्लाउड कुठे असतो, कोणी पाहिलाय? माझं वटवाघूळ ड्रॉवरमध्ये आहे. ये, दाखवतो." तो अर्थातच गेला नाही.

काकांनी शोधलेली प्रजाती एकच. इक्वेडोरमधून आणलेल्या तीन कवट्या, तिन्हींत वरची शेवटची इवलीशी दाढ नाही, म्हणून वटवाघूळ नवं. काकू म्हणत, "लोकांना मुलं झाली, यांना दाढ नसलेलं वटवाघूळ झालं."

मग त्यांच्याच विद्यार्थिनीला, एमिलीला, शंका आली. ही जुनीच प्रजाती, फक्त काहींना ती दाढ उगवत नाही. खात्रीसाठी मूळ कवटीचं हाड कोरून डीएनए काढायचा होता. म्युझियमने निर्णय निवृत्त काकांवर सोपवला. ते नाही म्हणाले असते, तर कोणी ब्र काढला नसता आणि प्रजाती राहिली असती.

त्यांना म्युझियमला सोडताना मी माझं व्यवहारज्ञान पाजळलं. "काका, कॅन्सल करा ना. कवटी नाजूक आहे म्हणा."

"कवटी चांगली टणक आहे," काका म्हणाले. "नाजूक मी आहे. पण ते कारण फॉर्मवर कुठे लिहू?"

ड्रिल त्यांनी स्वतः धरलं. एमिलीचं खरं निघालं. प्रजाती यादीतून गेली. मंडळींनी श्रीखंड ओरपत "बिचाऱ्यांची हयात फुकट गेली" म्हणून हळहळ व्यक्त केली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. शोकसभेत एमिलीने प्रजाती रद्द करणाऱ्या तिच्या शोधनिबंधातलं, काकांनी हट्टाने घातलेलं वाक्य वाचलं: "ही चूक माझी. तीनच कवट्या पाहून मी घाई केली."

मला त्यांची फार आठवण येते. ऑफिसात रोज काही ना काही बिघडतं, आणि त्यावर आम्ही तासभर मीटिंग घेतो. असं वाक्य तिथे मी अजून ऐकलेलं नाही. बोललेलोही नाही.