कोरडा एल्बो

"फिरवलात ना मागं? खरं सांगा."

"न्हाई म्हनलं ना एकदा."

"मग हे थेंब कुठून पडायलेत? माझ्या डोळ्यांतून?"

शांतम्मा बोटीत उकिडवी बसली होती. साडीचा ओचा गुडघ्यांत खोचलेला, कोपरापर्यंत काळं तेल. समोर इंजन धडधडत होतं. इंजन थंड ठेवायला आत पाणी नेणारा पाइप जिथं काटकोनात वळतो, तिथल्या लोखंडी एल्बोच्या आट्यांतून थेंब गळत होता. पुसला की दुसरा. नवऱ्यानं, सिद्रामप्पानं, इंजन बंद केलं. एकदम शांत झालं, तसा तो ओशाळून म्हणाला, "पाव आटा. एल्बोचं तोंड जरा पुढं गेलं हुतं, पाइप बसंना. पाव आटा मागं घेतला, दुसरं काय न्हाई."

"पाव आटा! मला कुणी शिकवलं? ताग गुंडाळलेला जोड पुढं न्यावा, न्हाईतर पुरता खोलावा, मागं फिरवू नये, ताग सैल पडतो. कुणी?"

"मी शिकवलं म्हनून माझ्यावरच उलटायलीस?"

काठावर बाभळीखाली सासू मल्लम्मा शेळी धरून बसली होती. तिला ऐकू कमी येई, पण भांडण बरोबर ऐकू येई. "बाईमाणसाचा हात लागला इंजनाला," ती म्हणाली, "पाऊस काय उगं गेला व्हय."

"आत्याबाई, तुमच्या शेळीला रोज माझ्याच हातचा पाला लागतो. ती तर धडधाकट हाय."

भांडायला तिला वेळ नव्हता. बोट तपासायला लातूरचा साहेब परवा येणार होता.

शांतम्मा उदगीरच्या किराणा दुकानदाराची लेक. लग्न होऊन आली तेव्हा सिद्रामप्पा लातूरला तेलाच्या मिलमध्ये फिटर होता. पुढं पट्ट्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तो गावी परत आला. गावी शेत होतं, विहीर होती, विहिरीवर हे इंजन होतं. मग धरण झालं. शेत, विहीर, एसटीला जायचा रस्ता, सगळं पाण्याखाली गेलं. पाणी चढायच्या आधी सिद्रामप्पानं इंजन तेवढं काढून आणलं आणि बोटीवर बसवलं. पलीकडच्या फाट्यावर एसटी धरायला माणसं बोटीनं जाऊ लागली. स्वतःच्या शेतावरून तो लोकांना पार करी. शांतम्माला पहिल्या वर्षी ते बघवत नसे. पुढं सवय झाली. सवय कशाचीही होते.

पाइपाचे जोड मात्र सारखे गळत. आट्यांत ताग ताणून बसवायला बोटं लागतात, नेमकी तीच त्याला नव्हती. एकदा तो चिडून तागाचं भेंडोळं फेकून उठला. शांतम्मानं ते उचललं. दिव्याच्या वाती वळणारा हात होता तिचा. आवळायच्या दिशेनं एकेक पदर आट्यांत बसवला, वर फटी बुजवणारा सफेदा माखला. तो जोड वर्षभर गळला नाही. त्यानं शाबासकी दिली नाही. पण पुढच्या वेळी ताग आपणहून तिच्या हातात दिला. पाना मात्र त्यानं कधी सोडला नाही. ताग बायकोचा, पाना नवऱ्याचा, अशी वाटणी पडून गेली.

लातूर जिल्हा झाला तशी बोटींची तपासणी सुरू झाली. परवान्याशिवाय माणसं न्यायची नाहीत. मागच्या महिन्यात साहेब आला, बोटीच्या तळात साचलेलं पाणी बघून म्हणाला, "गळती बंद करा, मग परवाना." तेव्हापासून बोट उभी होती आणि घरात बोटीशिवाय दुसरं काही नव्हतं. शांतम्माचा भाऊ माणिकप्पा लातूरच्या डाळमिलीत मुकादम होता. दोघांनीही या, म्हणून त्याचे दोन निरोप आले. सिद्रामप्पा म्हणाला, "फिटर हाय मी. पोती उचलायला न्हाई जनमलो."

त्या महिन्याभरात पाणीही सरकत गेलं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी झाला नव्हता. बोट चिखलात टेकली, मग चिखलही वाळला. इंजन तपासायचं तर शांतम्मा लांबून घागरीनं गढूळ पाणी आणून बोटीतलं पिंप भरी. पिंपातून पाणी इंजनात जाई आणि पुन्हा पिंपात येई.

त्या दिवशी तिनं एल्बो पुरता खोलायला लावला. तारेच्या ब्रशनं आटे घासले, जुन्या तागाचा कण न् कण सुईनं काढला. नवा ताग बसवला. मग हात पुढं केला. "पाना द्या."

"मी आवळतो की."

"तुमी परत मागं घ्याल."

त्यानं पाना दिला. तिनं दोन्ही हातांनी, पाय फळीला टेकवून, आवळत नेला. एल्बोचं तोंड पाइपासमोर आलं तिथं थांबली. पाना खाली ठेवून तिनं तो पदरानं झाकला, जणू कुणी हात लावील. सफेदा रात्रभर वाळू दिला. सकाळी पिंप भरलं, इंजन सुरू केलं आणि जोडावर चुलीची कोरडी राख भुरभुरली. पाणी झिरपलं की राख काळी पडते. अर्धा तास इंजन चाललं. राख पांढरीच राहिली.

"बसला," सिद्रामप्पा म्हणाला. एवढंच. पण त्या दिवशी त्यानं दोनदा चहा मागितला.

साहेब दुसऱ्या दिवशी जीपमधून आला. नेहमीसारखा वळसा घालून नव्हे, सरळ. धरणातला जुना रस्ता उघडा पडला होता, त्यावरूनच. त्याच्या मागं दोन बैलगाड्या आणि डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाया, सगळ्या पायी. तो बोटीत चढला, एल्बोवर बोट फिरवून ते ओलं झालं का बघितलं.

"गळत नाही. चांगलं काम केलंय. कोणी केलं?"

सिद्रामप्पानं परवाना घ्यायला हात पुढं केला.

"पण परवाना पाण्यात चालणाऱ्या बोटीला असतो," साहेब म्हणाला. "पाणी आलं की अर्ज करा."

"किती दिसांनी येईल?" सिद्रामप्पानं विचारलं. साहेबालाच माहीत असावं, अशा तऱ्हेनं.

जीप आल्या रस्त्यानं गेली. शांतम्मा बघत राहिली. रस्त्याच्या डाव्या हाताला विहिरीचा कठडा दिसत होता, त्यांच्याच. काठोकाठ गाळ भरलेला, वर भेगा. तिथं पाणी नव्हतं, शेतही नव्हतं.

दिवेलागणीला ती भाकरी वाढत होती. मल्लम्मा म्हणाली, "पुढच्या मिरगाला येईल पाऊस."

सिद्रामप्पानं भाकरी कुस्करली, तशीच ठेवली. "मी काय म्हनतो, तो एल्बो एकदा खोलून बघावा का? आतून सफेदा नीट वाळला नसंल तर पुढं त्रास देईल. मी परवा—"

शांतम्मानं परात बाजूला सरकवली. हातावरचं पीठ झटकलं.

"एल्बोला कुणी हात लावायचा न्हाई. उद्या सकाळच्या एसटीनं मी लातूरला चालले. डाळमिलीत निवडायला बाया लागतात. आत्याबाईंचं गाठोडं मी बांधून ठेवलंय. तुमी येणार असाल तर तुमचं तुमी बांधा."