भीतीचा रस, चोवीस तासांचा

भूगोलाच्या पुस्तकात जगातल्या सगळ्या डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून, म्हणजे आमच्या अंगणापासून मोजतात. मालवणच्या माणसाला याचा उगाच अभिमान. चीनच्या लढाईनंतर फौजेने मला लडाखात नेऊन टाकलं आणि तो चार पावलांत उतरला. छाती भात्यासारखी हलायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही.

तिथे एक डॉक्टरसाहेब आमची तपासणी करत. मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक ग्रंथी असते, म्हणाले; जीव संकटात सापडला की ती रक्तात एक रस सोडते. विरळ हवेत तो वाढतो, शरीर रुळलं की उतरतो. किती वाढला ते लघवीत कळतं. म्हणून दर आठवड्याला एक दिवस चोवीस तासांची लघवी बाटलीत धरायची. देशसेवा म्हणतात ती हीच. ज्याचा आकडा उतरणार नाही, त्याला विमानाने खाली पाठवणार होते.

महिन्याभरात घरचं पत्र आलं, गावच्या मास्तरांच्या हातचं. 'मातोश्रींची प्रकृती किंचित नरम आहे.' आमच्याकडे पत्रातलं किंचित नरम म्हणजे माणूस अंथरुणाला खिळलेलं. खाली आईचं एक वाक्य मास्तरांनी तसंच ठेवलं होतं: 'माका एकदा तोंड दाखव.'

रजा मागितली. खिंडी बर्फाने बंद होत्या. रस्ता उघडला की जा, असं उत्तर मिळालं. विमानात जागा फक्त आजाऱ्याला. म्हणजे माझी सगळी भिस्त त्या ग्रंथीवर.

आणि ती मेली ग्रंथी नेमकी तेव्हाच शहाणी झाली. जन्मभर मी भित्रा, शेजारचं कुत्रं भुंकलं तरी कुंपणाच्या गडग्यावर चढणारा. पण तिथे वर मला झोप लागायला लागली, भूक लागायला लागली. आईच्या काळजीने मी अर्धा झालो होतो, ग्रंथीला त्याचा पत्ताच नव्हता. बाटलीच्या दिवशी जेवण टाकलं, दम तुटेपर्यंत तंबूभोवती धावलो. आकडा उतरलेलाच. डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली. किनाऱ्यावरची माणसं किती लवकर रुळतात त्याचा मी म्हणे उत्तम नमुना होतो. स्वतःच्या अंगाचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

दुसरं पत्र आलं ते बाटलीच्याच दिवशी. त्यात किंचित काही नव्हतं. आई तीन आठवड्यांपूर्वी गेली होती. त्या दिवशी मी धावलो नाही. अंथरुणावर बसून राहिलो, आणि नेम म्हणून बाटली तेवढी भरली.

आठवड्याने आकडा आला. डॉक्टरसाहेबांनी तो मागच्या आकड्यांशी ताडून पाहिला; एकदम चढला होता. पत्राचं त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. 'शरीराने उशिरा कच खाल्ली' असा शेरा मारून त्यांनी मला विमानात बसवलं.

कट्टा गावावरून एसटीने घरी पोचलो तेव्हा काकी अंगणात सुकट वाळत घालत होती. मला बघून आधी रडली. मग डोळे पुसून विचारलंन, "बर्फान वाट बंद आसा म्हणत होते. मगे तू कसो इलस?"

"विमानान," मी म्हटलं.

काकी म्हणाली, "विमान होता, तर आदी कित्याक इलस नाय रे? तिचे डोळे वाटेर लागले होते."

मी ट्रंक पडवीत ठेवली आणि आंघोळीला विहिरीवर गेलो.