ओदिलिया अरूडाच्या पोरीची जागा

तुमच्या पोराला मैदानात सगळ्यात मागे उभं केलं, तर तुमच्या पोटात का दुखतं? खरं सांगा. पोर तर मजेत असतं. मोजे घसरलेले, गुडघ्यांना चिखल, तोंडभर हसू. आणि तुम्ही रेषेबाहेर घडीच्या खुर्चीत बसून दातओठ खाता. मग दुखणं नक्की कुणाचं?

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या ओदिलिया अरूडाला हा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिच्या आवाजाला गाव वचकून होतं. तो आवाज तिला फुकट मिळालेला नव्हता. एकवीस वर्षं तिने पडद्यांच्या कारखान्यात शिवणयंत्र चालवलं. शंभर यंत्रांच्या खडखडाटात शेजारणीकडे कात्री मागायची तरी बोंब ठोकावी लागते. पोर्तुगालच्या असोरेस बेटांवरून आली तेव्हा अठरा वर्षांची होती, इंग्रजीचा गंध नव्हता. मुकादमाने तिला मागच्या टेबलावर बसवलं, मालाच्या दरवाजाशी. जानेवारीत ट्रक लागला की दार उघडं, आणि बोटं अशी गारठायची की सुई कुठे लागतेय ते रक्त आल्यावर कळायचं. नव्या बायका, म्हाताऱ्या बायका, ज्यांना बोलता येत नाही त्या बायका, सगळ्या मागच्या टेबलावर. पुढच्या टेबलांना सरळ शिवण, मागच्यांना किचकट झालरी.

चार वर्षं ओदिलियाने सोसलं. मग एक दिवस कागद काढला, जेवणाच्या सुट्टीत सह्या घेतल्या आणि साहेबाच्या टेबलावर आपटला. बायकांची टेबलं दर महिन्याला फिरून बदलायला लागली. दाराला जाड पडदाही आला. पडद्यांच्या कारखान्यात पडदा यायला चार वर्षं! पुढे बायकांनी तिलाच युनियनची प्रतिनिधी केलं. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगतेय, आणि ते तिला शोभतंच. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक गाठ बसली ती बसलीच: ज्याला मागे ठेवलं, त्याच्यावर अन्याय झाला.

आणि मग तिच्या नऊ वर्षांच्या डेल्फिनाला फुटबॉलच्या संघात मागे उभं केलं गेलं.

मुलींचा छोटा संघ, मैदानात सात जणी. कोच नॉर्मन थीबो. वय त्रेसष्ट, धंदा शाळेची पिवळी बस चालवण्याचा, आणि शनिवारी सकाळी पैसे न घेता पोरींना शिकवण्याचा. बोलायला अगदी कंजूस. पहिल्या सामन्यात त्याने डेल्फिनाला डावीकडे मागे ठेवलं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा उजवीकडे मागे. ओदिलियाची नजर कारखान्यातली; टाका चुकला तर दहा फुटांवरून दिसायचा तिला.

"गिल, बघितलंस?" तिने नवऱ्याला कोपर मारलं. "आधी डावीकडे, आता उजवीकडे. म्हणजे दोन्ही वेळा आपल्यापासून लांबचा कोपरा! आपण या रेषेला, पोरगी त्या रेषेला. लपवतोय तो तिला."

"अगं, खेळतेय ना ती?"

"तू गप्प बस. तुला गोदामात मागे टाकलं तेव्हाही तू हेच म्हणालास."

गिल गप्प बसला. पण ओदिलिया कुठली बसायला! "डेल्फिना! पुढे जा! अगं बघतेस काय, मार ना! डावीकडे, डावीकडे! पळ!" समोरच्या संघातल्या पोरींचे आईबाप वळून बघायचे. चौथ्या शनिवारी डेल्फिनाने खरंच ऐकलं. जागा सोडून पुढे धावली, मागे भगदाड पडलं, आणि तिकडून गोल. पोरगी मैदानाच्या मधोमध उभी राहून एकदा आईकडे, एकदा कोचकडे बघत राहिली.

सामना संपला तशी ओदिलिया मैदान ओलांडून थेट थीबोवर.

"मिस्टर थीबो, माझ्या पोरीत काय कमी आहे?"

"काही नाही, मिसेस अरूडा. चांगली खेळते."

"मग लिनेटची पोरगी पुढे का? तिला तर बुटाची नाडी बांधता येत नाही."

"नाडी मी बांधतो तिची."

"विषय बदलू नका. डेल्फिनाला पुढे कधी आणणार?"

थीबोने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "पोरीचं बरं चाललंय," एवढंच म्हणाला, आणि मैदानावरचे खुणेचे शंकू गोळा करायला लागला.

त्याच्या त्या गप्पपणाने ओदिलियाचा पारा आणखी चढला. पाचव्या आठवड्यात तिने त्याला हटवादी म्हटलं. सहाव्यात म्हटलं, बस चालवता तसे पोरींना चालवता, तुमच्या मर्जीने थांबे. सातव्यात ती त्याच्या फ्रेंच आजोबांपर्यंत पोचली. थीबो दर वेळी टोपी काढायचा आणि तेच वाक्य म्हणायचा.

शेवटी तिने तिला येत होतं ते केलं. कागद काढला. 'सर्व मुलींना सर्व जागा फिरवून मिळाव्यात, अन्यथा कोच बदलावा.' मध्यंतरात पोरी संत्र्याच्या फोडी चोखत असताना ती खुर्च्या-खुर्च्यांतून हिंडली. अकरा सह्या. सोमवारी पोर्तुगीज क्लबच्या तळघरात संघाच्या समितीची बैठक होती. कागद वाचला गेला की थीबो जाणार हे जवळपास नक्की होतं. आईबापांशी वाकडं घ्यायला समितीला वेळ नव्हता.

सोमवारच्या आधी शनिवार आला, आणि तो मुका शनिवार होता. हंगामात एकदा तिथे असा दिवस पाळतात. रेषेबाहेरच्या मोठ्या माणसांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. ओरडायचं नाही, सूचना नाहीत, शाबासकीसुद्धा नाही. दारातच एक बाई प्रत्येकाच्या हातात काडीची गोळी ठेवते, तोंडात धरायला. ओदिलियाला हिरवी मिळाली. तिने ती अशी तोंडात कोंबली जशी कोर्टाची नोटीस घ्यावी.

सामना सुरू झाला. फक्त पोरींचे आवाज, बुटांची थपथप, कुठेतरी कुत्रं. पहिल्या हाफला डेल्फिना मागेच होती, पण या बाजूला! आईबापांच्या बाजूला, ओदिलियाच्या पायांपासून चार हातांवर. तिचा श्वास ऐकू येत होता. आणि ओदिलियाने पहिल्यांदा पोरीचा आवाज ऐकला. "माझ्याकडे! मी आहे! केटी, तू जा, मागचं मी बघते!" नऊ वर्षांची पोर मागून सगळा संघ हलवत होती, हात दाखवून, नावं घेऊन. एकदा तिने समोरून येणारीच्या पायातला चेंडू इतक्या सहज काढला की ओदिलियाच्या तोंडातून गोळी पडता पडता राहिली. दुसऱ्या हाफला कोचने तिला पुढे खेळवलं. गोल झाला नाही, बॉल खांबाला लागला, आणि पोरगी खांबाकडे बघून खदखदून हसली.

ओदिलियाला वाटलं, जिंकलो. कागदाची बातमी लागली आणि म्हातारा घाबरला.

परतीच्या गाडीत तिने गोळी काढली आणि सुरू झाली. "बघितलंस? आईने आवाज उठवला म्हणून! तोंड उघडल्याशिवाय कुणी जागा देत नाही."

मागच्या सीटवर डेल्फिना बूट सोडवत होती. "मीच सांगितलं कोचना. म्हटलं आज कुठेही उभं करा, आज चालेल."

"आज म्हणजे?"

"आज तू बोलणार नव्हतीस ना."

गिलने आरशात बघितलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली.

"आणि एरवी?"

पोरीने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. मग म्हणाली, "एरवी मीच सांगितलंय, मला तुझ्यापासून लांब ठेवा. पहिल्याच दिवशी. तू ओरडलीस की माझे पाय तुझं ऐकतात. मग मला काही दिसतच नाही. पलीकडे तुझा आवाज थोडा कमी येतो."

"आणि मागे?"

"मागे मला आवडतं. मागून सगळं दिसतं."

"मग तो माणूस मला का नाही बोलला? चार आठवडे मी त्याला..."

"मी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. तुला सांगायचं नाही. तुला वाईट वाटलं असतं."

ओदिलिया त्यानंतर घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. गिल पुढे सांगायचा, लग्नानंतरचा तेवढाच एक मुका प्रवास. वाईट तर वाटलंच तिला. पण रविवारभर भांडी घासताना, कोबीचं सूप ढवळताना तिला वेगळंच काहीतरी पुन्हा पुन्हा आठवत राहिलं: टोपी काढणारा, घालणारा तो माणूस. एका वाक्यात सुटू शकला असता. 'बाई, तुमची पोरगीच तुम्हाला घाबरते,' एवढं म्हटलं असतं तर सगळ्या मैदानासमोर ओदिलियाचं नाक कापलं गेलं असतं आणि तो मोकळा झाला असता. त्याने शिव्या खाल्ल्या, आजोबांपर्यंतच्या खाल्ल्या, आणि एका पोरीला दिलेलं वचन पाळलं.

सोमवारी तळघर भरलं होतं. समितीचा अध्यक्ष लायोनेल, टायरच्या दुकानाचा मालक, म्हणाला, "ओदिलिया, वाच तुझा कागद." थीबो शेवटच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

ओदिलिया उठली. तिने कागद उघडला, पण वाचला नाही.

"तक्रार खरी आहे," ती म्हणाली. "एका पोरीला नीट खेळता येत नव्हतं, कुणीतरी तिच्या मध्ये येत होतं. पण माणूस ओळखण्यात मी चुकले. कागदावर मिस्टर थीबोंचं नाव आहे, ते खोडा. माझं घाला."

"म्हणजे काय?" लिनेट उठून ओरडली. "आमच्या सह्यांचं काय मग?"

"तुझी सही मी परत करते. तुझ्या पोरीची नाडी तो माणूस हंगामभर बांधतोय, तुला माहीत होतं का?"

लिनेट खाली बसली. ओदिलियाने कागद चौघडी केला, आठघडी केला, फाडला, आणि वळून थीबोकडे बघितलं. "मिस्टर थीबो, मी तुमची माफी मागते. आणि तुमचे आभार मानते. दोन्ही सगळ्यांसमोर, कारण शिव्या मी सगळ्यांसमोर दिल्या होत्या."

थीबोचे कान लाल झाले. त्याने टोपी घातली, घरात टोपी घालत नाहीत हे आठवून पुन्हा काढली.

बाहेर गाड्यांपाशी तिने त्याला गाठलंच. "एक सांगा. इतकं ऐकून घेतलंत, राग नाही आला?"

"बाई, बत्तीस वर्षं बस चालवतोय. मागे पन्नास पोरं ओरडत असतात. मी रस्त्याकडे बघतो."

"आणि मी?"

"तुम्ही पन्नासांची भरपाई एकटीने करता," थीबो म्हणाला, आणि ती इतकी मोठ्याने हसली की क्लबच्या खिडकीतून लायोनेल डोकावला.

डेल्फिना अजून मागेच खेळते. ओदिलिया कुठे उभी राहणार हे आता डेल्फिना ठरवते, आणि जमेल तेवढं ओदिलिया ऐकते. कधीमधी एखादा "पळ!" सुटतोच, मग स्वतःच तोंडावर हात ठेवते. थीबोच्या बसमध्ये नाताळात तिने स्वतः शिवलेला पडदा लावला, ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीला, सकाळचं ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून. झालर लावून. झालरींचा तिला अजून राग आहे, तरी लावली.

आता तुम्हाला एक काम सांगते, आणि ते टाळू नका. तुमच्याही पोराची एखादी गोष्ट कुणीतरी पोटात ठेवली असेल: शिक्षकाने, रिक्षावाल्याने, शेजारणीने. आणि न सांगता तुमची बोलणी खाल्ली असतील. आज पोराजवळ बसा, तो माणूस कोण ते विचारा, पोर बोलत असताना मध्ये तोंड घालू नका. मग उठा, त्या माणसाकडे जा, आणि चारचौघांत त्याचे आभार माना.